उपकंपनीची नोकरी की मूळ कंपनीची? नियुक्तीपत्र स्वीकारण्यापूर्वी काय तपासावे

नाशिकमधील सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या माणसाला तो कुठे नोकरीला आहे असे विचारले, तर तो कारखान्याच्या गेटवरचे नाव सांगतो. नातेवाइकांना, लग्नाच्या स्थळांना आणि पुष्कळदा गृहकर्ज देणाऱ्या बँकेलाही तेवढे पुरते. कायद्याला ते पुरत नाही. एकाच समूहाचे नाव लावणाऱ्या चार कंपन्या कायद्याच्या दृष्टीने चार स्वतंत्र व्यक्ती असतात. त्यांचे ताळेबंद वेगळे, संचालक मंडळे वेगळी आणि कर्मचाऱ्याला द्यायच्या रकमांची जबाबदारीही ज्याची त्याची. त्यामुळे मूळ कंपनीचा एक आणि तिच्या उपकंपनीचा दुसरा असे दोन प्रस्ताव हातात असतील, तर दोन्ही नोकऱ्या ‘एकाच घरातल्या’ आहेत असे धरून केवळ पगाराच्या आकड्यांची तुलना करणे घाईचे ठरते. आपला पगार, बढती आणि नोकरीचे भवितव्य यांविषयीचे निर्णय कोणत्या कंपनीत होतात आणि त्यासाठीचे पैसे कोणाच्या खात्यातून जातात, हे आधी शोधावे. हा शोध घरी बसून दोन-तीन संध्याकाळी पूर्ण होण्यासारखा आहे.

नियुक्त करणारी कंपनी ओळखणे

कंपनी कायदा २०१३ नुसार एखाद्या कंपनीतील निम्म्याहून अधिक मतदानहक्क दुसऱ्या कंपनीकडे असतील, किंवा तिच्या संचालक मंडळावर कोण असावे हे दुसरी कंपनी ठरवत असेल, तर पहिली ही दुसरीची उपकंपनी होय. मतदानहक्क किमान २० टक्के असूनही नियंत्रणापर्यंत पोहोचत नसतील, तर ती सहयोगी कंपनी. ‘सिस्टर कंपनी’, ‘ग्रुप कंपनी’ हे शब्द मुलाखतीत सैलपणे वापरले जातात. त्यांवरून काहीच ठरवू नये.

नियुक्तीपत्राच्या लेटरहेडवर कंपनीचे पूर्ण नाव, नोंदणीकृत पत्ता आणि सीआयएन हा अक्षरे आणि अंक मिळून एकवीस चिन्हांचा कंपनीचा ओळख क्रमांक छापणे कंपनीला कायद्याने बंधनकारक आहे. तो क्रमांक वाचायला शिकावे. पहिले अक्षर एल असेल तर कंपनी शेअर बाजारात सूचिबद्ध आहे, यू असेल तर नाही. त्यापुढे उद्योगाचा सांकेतिक क्रमांक, मग नोंदणीच्या राज्याची दोन अक्षरे, स्थापनेचे वर्ष आणि कंपनीचा प्रकार सांगणारी तीन अक्षरे येतात. विदेशी कंपनीची उपकंपनी असलेल्या खासगी कंपनीच्या क्रमांकात तेथे एफटीसी दिसते. समूहाचा इतिहास पाऊणशे वर्षांचा असल्याचे मुलाखतीत ऐकलेले असताना पत्रावरच्या क्रमांकात २०२३ हे वर्ष निघाले, तर आपण एका नव्या कोऱ्या कंपनीत रुजू होत आहोत एवढे तरी स्पष्ट होते. त्यात वाईट काही नाही, मात्र पुढचे प्रश्न बदलतात.

विभाग आणि उपकंपनी यांत गल्लत होऊ देऊ नये. ओझरचा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना हा बंगळुरूस्थित कंपनीचाच विभाग आहे. तेथील कायम कर्मचारी मूळ कंपनीचाच कर्मचारी असतो. उलट एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातील अभियंता महानिर्मितीचा आणि त्याच्या वसाहतीला वीज पुरवणारा लाइनमन महावितरणचा. ६ जून २००५ पासून राज्य वीज मंडळाच्या जागी महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या तीन कंपन्या आल्या आणि एमएसईबी सूत्रधारी कंपनी ही त्यांची मूळ कंपनी झाली. नाशिककर अजूनही ‘बोर्डात आहे’ असेच म्हणतात, पण वेतनपत्रक वेगळे आणि ज्येष्ठता यादीही वेगळी.

खासगी क्षेत्रात नावाचा गोंधळ याहून मोठा असतो. सातपूरला ज्या बॉश लिमिटेडचा कारखाना आहे, ती स्वतः जर्मनीच्या रॉबर्ट बॉशची उपकंपनी असून भारतीय शेअर बाजारात सूचिबद्ध आहे. बॉश ग्लोबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज ही त्याच जर्मन कंपनीची दुसरी उपकंपनी, आणि ती सूचिबद्ध नाही. दोन्हींवर बोधचिन्ह एकच आहे, पण एकीतून दुसरीत जाणारा माणूस कायद्याने नोकरी बदलतो. एबीबी इंडिया आणि अंबडमध्ये कारखाना असलेली ग्लॅक्सोस्मिथक्लाइन फार्मास्युटिकल्स याही विदेशी मूळ कंपन्यांच्या सूचिबद्ध उपकंपन्याच आहेत. अशा कंपन्यांना येथे कोणी उपकंपनी म्हणत नाही, कारण स्वतःची उत्पादने, स्वतःचे ग्राहक आणि स्वतःचे भागधारक असलेली ही जुनी घराणी आहेत. ‘उपकंपनी म्हणजे दुय्यम’ ही समजूत सोडून देण्यास एवढे पुरेसे आहे.

उपकंपनीचे पैसे कोठून येतात

माझ्या मते सगळ्या चौकशीत हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि उमेदवार नेमका हाच वगळतात.

उपकंपन्यांचे उत्पन्न ढोबळमानाने दोन प्रकारे येते. काही उपकंपन्या बाहेरच्या ग्राहकांना माल किंवा सेवा विकतात. काहींचा एकमेव ग्राहक म्हणजे मूळ कंपनीच असते. त्या तिच्यासाठी सुटे भाग बनवतात, आराखडे काढतात, हिशेब ठेवतात किंवा सॉफ्टवेअर लिहितात आणि झालेला खर्च अधिक ठरावीक टक्केवारी असे बिल लावतात. दुसऱ्या प्रकारच्या कंपनीला सहसा तोटा होत नाही, पगार वेळेवर होतो, पण नफाही ठरलेलाच असल्यामुळे ‘कंपनी जोरात चालली म्हणून आम्हाला जास्त मिळाले’ असे तेथे क्वचितच घडते. मनुष्यबळ किती असावे याचा आकडा मूळ कंपनीच्या अंदाजपत्रकात ठरतो आणि ते अंदाजपत्रक कापले गेले की स्थानिक व्यवस्थापकाचे काही चालत नाही, मग तो कितीही भला असो.

हे ओळखण्यासाठी मूळ कंपनीचा वार्षिक अहवाल उघडावा. त्यात एओसी-१ नावाचे विवरण असते. प्रत्येक उपकंपनीचे भांडवल, उलाढाल, नफा-तोटा आणि मूळ कंपनीचा हिस्सा त्यात एकेका ओळीत दिलेला असतो. मूळ कंपनी भारतात सूचिबद्ध असेल तर तिने आपल्या उपकंपन्यांचे स्वतंत्र लेखापरीक्षित हिशेबही संकेतस्थळावर ठेवायचे असतात. त्या हिशेबांत ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’ ही टीप शोधावी. उपकंपनीची विक्री १०० कोटी असून त्यांपैकी ९५ कोटी मूळ कंपनीलाच झालेली दिसली, तर ती दुसऱ्या प्रकारची आहे हे कोणाला न विचारता समजते. लागोपाठ तीन वर्षांचे आकडे पाहावेत. एका वर्षाच्या तोट्यावरून घाबरण्याचे कारण नाही, कारण नव्या कारखान्याच्या पहिल्या वर्षांत घसारा आणि व्याज यांनीच नफा खाल्लेला असतो.

दुसरे साधन फारसे कोणी वापरत नाही, आणि ते फुकट आहे. उपकंपनीने बँकेकडून मोठे कर्ज घेतले असेल तर क्रिसिल, इक्रा किंवा केअर यांसारख्या पतमानांकन संस्थेने तिचे मानांकन केलेले असण्याची शक्यता असते, आणि त्यामागची कारणमीमांसा त्या संस्थेच्या संकेतस्थळावर वाचता येते. मूळ कंपनी अडचणीत या उपकंपनीला पैसे देईल का, आजवर दिले आहेत का, तिच्या कर्जाला हमी आहे की नुसते आश्वासनपत्र, या प्रश्नांची बँकेसाठी लिहिलेली सरळ उत्तरे तेथे सापडतात. मनुष्यबळ विभाग ज्याला ‘समूहाचा भक्कम आधार’ म्हणतो, त्याचे खरे वजन या तीन-चार पानांत कळते.

तो आधार कायद्याने आपोआप मिळत नाही. उपकंपनी बुडाली तर तिच्या थकलेल्या पगाराची जबाबदारी सामान्यतः मूळ कंपनीवर येत नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार अवसायनात, म्हणजे कंपनी गुंडाळून तिची मालमत्ता विकली जाताना, कामगारांची आधीच्या २४ महिन्यांची देणी तारण घेऊन कर्ज देणाऱ्या धनकोंच्या बरोबरीने आणि इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची देणी त्यांच्यानंतर येतात. पण ही वाटणी उपकंपनीच्या मालमत्तेतून होते. मूळ कंपनीच्या तिजोरीपर्यंत हा हात पोहोचत नाही.

पगार, बोनस, शेअर्स

मूळ वेतन, रजा, वैद्यकीय विमा आणि कॅन्टीनपासून बसपर्यंतच्या सोयी समूहात सर्वत्र सारख्याच असतील असे मानू नये. जुन्या मूळ कंपनीत कामगार संघटनेशी झालेले वेतन करार असतात आणि ते त्याच कंपनीपुरते, बहुधा त्याच कारखान्यापुरते असतात. शेजारच्या शेडमधल्या उपकंपनीला ते लागू होत नाहीत. दिवाळीच्या सुमारास नाशिकच्या वर्तमानपत्रांत कोणत्या कारखान्यात किती बोनस मिळाला याच्या बातम्या येतात तेव्हा हा फरक सर्वांना दिसतो. कायद्याने बोनस किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के आहे, आणि त्या मर्यादेत तो ज्या कंपनीचे कर्मचारी आहेत तिच्या हिशेबावर ठरतो. मूळ कंपनीला विक्रमी नफा झाला हे उपकंपनीतील कर्मचाऱ्याच्या बोनसचे कारण होऊ शकत नाही.

शेअर्सची गोष्ट थोडी वेगळी आहे. भारतीय मूळ कंपनी आपल्या उपकंपनीच्या कायम कर्मचाऱ्यांनाही कर्मचारी भागयोजनेत घेऊ शकते. घेतेच असे नाही. विदेशी मूळ कंपनीचे शेअर्स मिळाले तर ते मिळतानाच्या किमतीवर पगाराप्रमाणे कर लागतो, आणि पुढे ते हाती असेपर्यंत दरवर्षी आयकर विवरणपत्रात विदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवावे लागतात. ते न दाखवल्यास दंड जबर आहे, तेव्हा पहिल्याच वर्षी करसल्लागाराला भेटलेले बरे.

रोजचे काम आणि बढती

या बाबतीत कागदपत्रे फार मदत करत नाहीत. मुलाखतीतच विचारावे लागते. आपला वरिष्ठ कोणत्या कंपनीच्या वेतनपत्रकावर आहे? नवे यंत्र घ्यायचे झाले तर किती रकमेपर्यंतचा निर्णय नाशिकमध्ये होतो आणि कितीच्या पुढे फाइल पुणे, मुंबई किंवा परदेशात जाते? उपकंपनीचा कारखाना प्रमुख होण्याच्या पुढे वाट आहे, की ती वरची पदे मूळ कंपनीतून पाठवलेल्या माणसांसाठी राखीव असल्यासारखी आहेत? शेवटचा प्रश्न थेट विचारणे अवघड जाते. त्याऐवजी संचालक आणि विभागप्रमुख कसे आले हे त्यांच्या सार्वजनिक माहितीवरून पाहावे. गेल्या काही वर्षांतील सगळे वरिष्ठ मूळ कंपनीतून आलेले असतील, तर उत्तर मिळाले.

लहान उपकंपनीत एक माणूस खरेदी, गुणवत्ता आणि ग्राहकाच्या तक्रारी असे सगळे हाताळतो, आणि ते शिक्षण मूळ कंपनीच्या एका चौकोनात बसून मिळत नाही, हे खरे आहे. पण बाहेरचे ग्राहक असलेल्या उपकंपनीतच ते पूर्ण मिळते. केवळ मूळ कंपनीसाठी राबणाऱ्या केंद्रात काम पुष्कळ असते आणि निर्णय थोडे असतात.

उपकंपनीतून मूळ कंपनीत जाताना

‘आधी उपकंपनीत लागा, दोन-तीन वर्षांत मुख्य कंपनीत घेऊ’ हे आश्वासन नाशिकमधल्या अनेक नव्या पदवीधरांच्या ओळखीचे असेल. ते खोटेच असते असे नाही. पण तो बदल कोणत्या मार्गाने होईल यावर बरेच काही अवलंबून आहे, आणि मार्ग तीन आहेत.

पहिला मार्ग प्रतिनियुक्तीचा. यात नोकरी उपकंपनीचीच राहते आणि काम मूळ कंपनीत करायचे असते. मुदत संपली की परत. दुसरा मार्ग सेवेतील सातत्यासह बदलीचा. यात दोन्ही कंपन्या आणि कर्मचारी यांच्यात लेखी सहमती होते आणि जुनी सेवा नव्या कंपनीत मोजली जाते. तिसरा मार्ग राजीनामा देऊन नव्याने रुजू होण्याचा. तिसरा सर्वांत सोपा म्हणून सर्वांत अधिक वापरला जातो, आणि कर्मचाऱ्याचे नुकसान त्यातच होते.

भविष्य निर्वाह निधीच्या बाबतीत फारशी चिंता नाही. यूएएन हा सदस्याचा कायमचा खाते-ओळख क्रमांक तोच राहतो, जुनी रक्कम नव्या खात्यात वर्ग करता येते, निवृत्तिवेतनासाठी लागणारी दहा वर्षांची सेवा जोडून धरली जाते. मूळ कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असेल तर रक्कम तेथे वर्ग झाल्याची पावती मागून घ्यावी, एवढेच. मधल्या काळात रक्कम काढून घेण्याचा मोह मात्र टाळावा, कारण एकूण पाच वर्षांची सेवा होण्याआधी काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो.

ग्रॅच्युइटीत, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणाऱ्या रकमेत, सातत्य असे आपोआप टिकत नाही. कायम कर्मचाऱ्याला ती साधारणतः एकाच मालकाकडे सलग पाच वर्षे झाल्यावर मिळते. समजा, एखाद्याने उपकंपनीत चार वर्षे काढली, तेव्हा ग्रॅच्युइटीसाठी धरले जाणारे मासिक वेतन ४०,००० रुपये होते, आणि त्याने राजीनामा देऊन मूळ कंपनीत नवी नेमणूक घेतली. त्या दिवसाच्या हिशेबाने त्याचे २६ दिवसांच्या महिन्यातील १५ दिवस गुणिले चार, म्हणजे सुमारे ९२,३०० रुपये गेले. खरे नुकसान याहून मोठे आहे, कारण ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर मोजली जाते. पुढे मूळ कंपनी सोडताना त्याचे वेतन ८०,००० झालेले असेल, तर गाळलेल्या त्याच चार वर्षांची किंमत सुमारे १,८४,६०० रुपये होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमुळे ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्यांना एका वर्षानंतर प्रमाणशीर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला आहे आणि वेतनाची व्याख्याही विस्तारली आहे; पण एका कंपनीतली सेवा दुसरीत आपोआप मोजावी असे त्यांनीही म्हटलेले नाही.

म्हणून बदलीच्या पत्रात एक वाक्य हवेच: ‘आपली अमुक तारखेपासूनची सेवा ग्रॅच्युइटी, रजा आणि ज्येष्ठता यांसाठी सलग धरली जाईल.’ शिल्लक रजा, प्रोबेशन आणि नोटिशीचा कालावधी यांचा उल्लेखही त्याच पत्रात करून घ्यावा. चार वर्षे अनुभव असलेल्या माणसाला समूहातल्याच दुसऱ्या कंपनीत पुन्हा सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर बसवणे हास्यास्पद वाटते, पण छापील नमुन्यात ते कलम असतेच आणि काढून टाका असे सांगितल्याशिवाय कोणी काढत नाही.

मालक बदलला तर

उपकंपनी विकली जाऊ शकते. मूळ कंपनी आपला गाभ्याचा व्यवसाय सहसा विकत नाही. हा दोहोंतला मोठा फरक आहे. विक्रीचे दोन प्रकार असतात आणि कर्मचाऱ्याच्या दृष्टीने ते फार वेगळे आहेत.

शेअर्स विकले गेले तर मालक बदलतो, नियुक्त करणारी कंपनी तीच राहते. नाशिक जिल्ह्यातील थिसेनक्रुप इलेक्ट्रिकल स्टील इंडिया ही कंपनी २०२५ मध्ये जेएसडब्ल्यू स्टील आणि जपानची जेएफई स्टील यांच्या संयुक्त कंपनीने विकत घेतली. अंबडमध्ये कारखाने असलेल्या सीजी पॉवरचे नियंत्रण २०२० मध्ये मुरुगप्पा समूहातील ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सकडे गेले. अशा व्यवहारात कायद्याने सेवा खंडित होत नाही, नव्या नियुक्तीपत्राची गरज नसते आणि जुन्या अटी तशाच चालू राहतात. मात्र जुन्या मूळ कंपनीत बदली मागण्याची वाट त्या दिवशी बंद होते आणि तिच्या भागयोजनेतील न मिळालेल्या शेअर्सचे काय, हे योजनेच्या नियमांवर ठरते.

शेअर्सऐवजी कारखाना किंवा व्यवसायच दुसऱ्या कंपनीला विकला, तर नियुक्त करणारी कंपनी बदलते. कर्मचाऱ्याच्या संमतीशिवाय त्याला नव्या मालकाकडे काम करण्यास भाग पाडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे. कामगारांच्या बाबतीत सेवा सलग धरली गेली आणि अटी कमी लाभाच्या नसल्या, तर नुकसानभरपाईचा प्रश्न येत नाही. तसे नसेल तर छाटणीप्रमाणे भरपाईचा हक्क उरतो. वीज मंडळाच्या विभाजनाच्या वेळी अटी कमी लाभाच्या नसाव्यात हे संरक्षण २००३ च्या वीज कायद्यातच लिहिलेले होते. खासगी कंपनीतील अधिकारी वर्गाला मुख्यतः आपल्या नियुक्तीपत्रावर विसंबावे लागते.

त्या पत्रात बहुधा शेवटच्या पानावर ‘समूहातील सध्याच्या किंवा भविष्यात स्थापन होणाऱ्या कोणत्याही कंपनीत बदली होऊ शकेल’ असे कलम असते. त्याखाली सही केली, की पुढे आपली संमती घेतली नव्हती असे म्हणणे कठीण होते. कलम काढून टाकले जाईल अशी आशा धरू नये. त्यात ‘सेवेतील सातत्य आणि एकूण लाभ कायम ठेवून’ एवढे शब्द घालून घेण्याचा आग्रह मात्र धरावा. तो पुष्कळदा मान्य होतो.

कोणती निवडावी

दोन्ही प्रस्ताव हाती येण्याआधी आणखी एक शक्यता निकालात काढावी. पत्र ना मूळ कंपनीचे ना उपकंपनीचे, तर मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराचे असू शकते. गेटपास मोठ्या कंपनीचा, गणवेश मोठ्या कंपनीचा आणि वेतन तिसऱ्याच्याच नावाने, असा प्रकार सिन्नर-मुसळगावपासून गोंद्यापर्यंत सर्रास आहे. त्याची तुलना उपकंपनीशी करण्यात अर्थ नाही.

खरी उपकंपनी असेल, तिला बाहेरचे ग्राहक असतील आणि आपली नोकरीची पहिली पाच-सहा वर्षे चालू असतील, तर थोड्या कमी पगारातही मी उपकंपनीच सुचवीन. घरचे कर्ज चालू आहे, मुले शाळेत आहेत आणि नाशिक सोडायचे नाही, अशा माणसाने मूळ कंपनीच्या विभागाला झुकते माप द्यावे; फक्त तिचा नाशिकचा कारखाना तिच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे ना, तेथे अलीकडे गुंतवणूक झाली आहे ना, हे पाहून घ्यावे. एकट्या मूळ कंपनीसाठी काम करणाऱ्या उपकंपनीला नाकारण्याचे कारण नाही, पण तेथे पगारवाढीच्या भावी आश्वासनांना शून्य किंमत देऊन आजच्या आकड्यांवरच निर्णय घ्यावा.

विचारायचे सगळे प्रश्न मनुष्यबळ विभागाला एकाच ईमेलमध्ये, सौम्य भाषेत आणि जुन्या नोकरीचा राजीनामा देण्यापूर्वी पाठवावेत: नियुक्त करणाऱ्या कंपनीचे पूर्ण नाव, पीएफ कोठे जमा होईल, समूहांतर्गत बदलीत सेवा सलग धरली जाईल का, भागयोजना लागू आहे का. फोनवर उत्तर मिळाले तर ‘आज झालेल्या बोलण्यानुसार’ अशी सुरुवात करून तेच उत्तर आपण ईमेलने परत पाठवावे आणि त्याची प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवावी, कारण कंपनीच्या पत्त्यावरचा पत्रव्यवहार नोकरी सुटली की उघडता येत नाही.